आधी पाणी पाळा, मग ॲनिमोन



एमएस्सी संपवून पीएचडीच्या प्रवेशाची तयारी करणाऱ्यांकडून एक प्रश्न नेहमी येतो: "सागरी जीवांवर काम करायचंय. लॅब मिळेपर्यंत घरी काही सराव करता येईल का? सी ॲनिमोन पाळू का?"

उत्तर आहे: हो, पण लगेच नाही. आणि "लगेच नाही" हाच या लेखातला अर्धा धडा आहे. ॲनिमोन कसा पाळायचा हे तर सांगणारच आहे, पण त्यातली प्रत्येक पायरी संशोधनात पुढे कुठे भेटते हेही सांगते.

सुरुवात एका जुन्या गोष्टीने करू. १८२८ साली स्कॉटलंडमधल्या नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून सर जॉन ग्रॅहम डॅलियल या निसर्गअभ्यासकाने एक ॲनिमोन उचलून एडिंबरोला आणला आणि काचेच्या बरणीत ठेवला. फिल्टर नाही, पंप नाही, टेस्ट किट नाही. समुद्राचं पाणी नियमित बदलायचं, बेताचं खाऊ घालायचं, एवढंच. डॅलियल १८५१ साली वारला. ॲनिमोन मात्र जिवंत होता. तो एका सांभाळणाऱ्याकडून दुसऱ्याकडे जात राहिला, लोक त्याला 'ग्रॅनी' म्हणजे आजी म्हणू लागले, आणि ही आजी १८८७ साली गेली. म्हणजे माणसांच्या हाताखाली ५९ वर्षं!

आता माझी गोष्ट. माझा पहिला ॲनिमोन ११ दिवस जगला.

माझ्याकडे फिल्टर होता, एलईडी होता, किट होतं, इंटरनेट होतं. तरी ११ दिवस. आणि तो मेल्याचं जितकं वाईट वाटलं, त्याहून जास्त एक गोष्ट लागली: तो का मेला हे मला सांगता येत नव्हतं. ते का सांगता आलं नाही, ते पुढे येईलच.

हा प्राणी आहे तरी कसा?

ॲनिमोन फुलासारखा दिसतो, पण तो प्राणी आहे. जेलीफिश, प्रवाळ आणि हायड्रा यांचा भाऊबंद. खाली चिकटून बसायला तळवा, मध्ये नळीसारखं धड, वर एकच तोंड आणि त्याभोवती शुंडके. खाणं आत जातं त्याच तोंडातून, उरलेलं बाहेर येतं तेही त्याच तोंडातून. हाडं नाहीत, कवच नाही. शरीर ताठ राहतं ते आत भरलेल्या पाण्याच्या दाबावर.

पाळणाऱ्यासाठी यातली महत्त्वाची गोष्ट अशी की त्याला कल्ले नाहीत आणि मूत्रपिंडही नाही. माशाच्या अंगावर खवले असतात, शरीरातले क्षार सांभाळणारे अवयव असतात. बाहेरचं पाणी थोडं बिघडलं तर मासा काही काळ तग धरतो. ॲनिमोनचं तसं नाही. बाहेरचं पाणी आणि आतलं पाणी यांच्यामध्ये पेशींचे जेमतेम दोन थर आणि मधला जेलीसारखा थर, एवढाच पडदा. म्हणून मी म्हणते की ॲनिमोन पाळता येत नाही. पाणी पाळायचं असतं, ॲनिमोन त्यात राहतो.

दुसरी गोष्ट. शुंडक्यांवर दंशपेशी असतात. प्रत्येकीत गुंडाळलेला, दाबाखाली बसवलेला काटा. हायड्रावर २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापात हा काटा सुमारे ७०० नॅनोसेकंदांत सुटतो असं दिसलं. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. त्यामुळे टाकीत हात घालताना हातमोजे घालायचे, डोळ्यांना हात लावायचा नाही. आणि शेजारी प्रवाळ असेल तर तो भाजून निघणार हे धरून चालायचं.

तिसरी गोष्ट उष्ण समुद्रातल्या बऱ्याच ॲनिमोनना लागू होते. दुकानात सर्रास दिसणारा बबल-टिप, म्हणजे एन्टॅक्मिया क्वाड्रिकलर, त्यातलाच. याच्या पेशींच्या आत सूक्ष्म एकपेशीय शैवाल राहतं. शैवाल प्रकाशात साखर बनवतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. बदल्यात त्याला आसरा, कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन मिळतो. थोडक्यात, बबल-टिप पाळताना तुम्ही एक प्राणी आणि त्याच्या पोटातली शेती असं दोन्ही पाळता. ग्रॅनी ज्या ॲक्टिनिया प्रकारातली होती, त्यांच्यात हे शैवाल नसतं. म्हणून तिचं बरणीत भागलं. बबल-टिपचं दिव्याशिवाय भागणार नाही. "त्यांनी बरणीत ठेवला, मग मी का नाही?" याचं उत्तर इथे आहे. एका जातीवरचा निष्कर्ष दुसऱ्या जातीला तपासल्याशिवाय लावायचा नाही.

पहिले सहा महिने: रिकामी टाकी

नवीन टाकीत पाणी स्वच्छ दिसतं, पण ते तयार नसतं. जिथे प्राणी आहे तिथे मलमूत्र आहे, उरलेलं अन्न आहे, आणि त्यातून अमोनिया तयार होतो. टाकीतले काही जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे काही नायट्राइटचं नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट यांची भीती जास्त, नायट्रेट त्यामानाने सौम्य. हे जीवाणू दगडांवर आणि फिल्टरमधल्या सच्छिद्र पृष्ठभागावर हळूहळू वसतात. त्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. छंदी लोक याला 'सायकल होणं' म्हणतात.

खाऱ्या टाकीत अमोनियाचं प्रकरण जास्त नाजूक असतं. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो: एक भारित, तुलनेने निरुपद्रवी, दुसरं मुक्त, विषारी. कुठलं रूप किती हे पीएच ठरवतो. पीएच एका अंकाने वाढला की मुक्त अमोनियाचा वाटा जवळजवळ दहापट होतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.३ असतो. म्हणजे किटवर तोच आकडा दिसला, तरी गोड्या पाण्याच्या टाकीपेक्षा इथे तो कितीतरी जास्त घातक.

आता ११ दिवसांचा हिशेब. माझी टाकी तीन आठवड्यांची होती. अमोनिया 'शून्य' येतोय असं मी रोज पाहत होते. दोन महिन्यांनी कपाट आवरताना किटचा कागद हाती लागला. त्यावर गोड्या आणि खाऱ्या पाण्यासाठी दोन वेगळे रंगतक्ते होते, आणि मी गोड्या पाण्याचा तक्ता लावत होते.

"मग कारण सापडलं की!" असं तुम्ही म्हणाल. नाही. कारण त्याच आठवड्यात मी दिवा बदलला होता, प्रवाहाचा पंप हलवला होता आणि मिठाचा ब्रँडही बदलला होता. यातलं काहीही मी तारखेसह लिहून ठेवलं नव्हतं. चार संशयित आणि साक्षीदार एकही नाही. अमोनिया असेल असं आजही वाटतं, पण 'वाटतं' हा निष्कर्ष नव्हे. एक जीव गेला आणि त्यातून शिकायचं तेही गेलं, हे नुकसान मोठं.

म्हणून नियम: चक्र पूर्ण झालं, अमोनिया आणि नायट्राइट सलग शून्य आले, तरीही ॲनिमोन आणायचा नाही. आणखी काही महिने थांबायचं. अनुभवी पाळणारे सहा महिने ते वर्षभर थांबायला सांगतात. या काळात मीठ, तापमान, पीएच रोज एकाच वेळी मोजायचं आणि लिहायचं. आकडे महिनाभर सपाट राहिले की टाकी तयार झाली, आणि तुम्हीही. संशोधनात याला बेसलाइन म्हणतात. बेसलाइन नसेल तर पुढे दिसलेला कुठलाही बदल तुमच्या प्रयोगामुळे झाला, असं म्हणता येत नाही.

मीठ: मोजणारं यंत्र आधी तपासा

समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ भाग प्रति हजार क्षार असतात. विशिष्ट गुरुत्वाच्या भाषेत सुमारे १.०२५ ते १.०२६. बबल-टिपला हेच हवं.

बरेच जण विचारतात, "मुंबईत राहतो, चौपाटीवरूनच पाणी आणलं तर?" नको. किनाऱ्याजवळच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेलं असतं. शिवाय पावसाळ्यात नद्यानाल्यांच्या पाण्याने त्याची क्षारता खाली येते. बाजारात मिळणारं ॲक्वेरियमचं मीठ आरओच्या पाण्यात कालवणं जास्त खात्रीचं. इथे एक फसगत होते. घरच्या पिण्याच्या आरओ यंत्रात चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळायची सोय असते. टीडीएस मीटर लावून बघा, आकडा शून्याच्या जवळ हवा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आणि तांबं ॲनिमोनला चालत नाही. तांब्याचं प्रमाण अगदी कमी असलं तरी ते अपृष्ठवंशी प्राण्यांना मारक ठरतं. म्हणून माशांच्या आजारावरचं तांबं असलेलं औषध या टाकीत कधीच घालायचं नाही.

मीठ कालवायचं ते वेगळ्या बादलीत, पंप लावून, रात्रभर. ॲनिमोन असलेल्या टाकीत कोरडं मीठ टाकू नका. दर आठवड्याला साधारण दहा टक्के पाणी बदला. नवीन पाण्याची क्षारता आणि तापमान जुन्याशी जुळलं की मगच ओता.

क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर लागतो. तो नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्याला लावून भागत नाही. शून्याला बरोबर असलेलं यंत्र ३५ ला चुकू शकतं. ३५ भागांचं प्रमाणित द्रावण मिळतं, त्यावर लावा. ज्या पट्ट्यात मोजायचंय त्याच पट्ट्यात यंत्र तपासायचं, हा नियम पुढे पिपेटपासून स्पेक्ट्रोफोटोमीटरपर्यंत सगळीकडे भेटेल.

आणि बाष्पीभवन. पाणी उडून जातं, मीठ उडत नाही. १०० लिटरच्या टाकीत सुमारे साडेतीन किलो मीठ असतं. त्यातलं ३ लिटर पाणी उडालं तर तेवढंच मीठ ९७ लिटरमध्ये उरतं, म्हणजे ३५ चं ३६ झालं. मे महिन्यात पुण्या-नागपुरात पंखा लावलेल्या छोट्या टाकीत हे दोन-तीन दिवसांत घडू शकतं. कमी झालेलं पाणी भरायचं ते बिनमिठाचं, आरओचं. खारं पाणी भरत राहिलात तर क्षारता चढतच जाईल. काचेवर मार्करने एक रेघ मारून ठेवा आणि रोज त्या रेघेपर्यंत थोडं थोडं भरा. आठवड्याचं एकदम ओतलंत तर क्षारता एकदम खाली येते, आणि त्या हेलकाव्याचाच त्रास जास्त.

ऊन, लाईट आणि पंप

तापमान २४ ते २७ अंशांमध्ये ठेवा. आकडा २५ की २६ यापेक्षा तो दिवसभर एकसारखा राहणं महत्त्वाचं. तापमान चढलं की पेशींतल्या शैवालाचं प्रकाशसंश्लेषण बिघडतं, घातक ऑक्सिजन रेणू तयार होतात आणि यजमान शैवालाला बाहेर काढतो. ॲनिमोन पांढरा पडतो. समुद्रातल्या प्रवाळांचं 'ब्लीचिंग' म्हणून बातम्यांमध्ये जे वाचता, तेच इथे तुमच्या हॉलमध्ये घडतं.

आपल्याकडे दुसरा प्रश्न म्हणजे लाईट जाणं. खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा ऑक्सिजन साधारण वीस टक्के कमी विरघळतो, आणि पाणी तापलं की आणखी कमी. पंप बंद पडून दोन-चार तास गेले की अडचण सुरू होते. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असू द्या. टाकी घेण्याआधी तो घ्या म्हटलं तरी चालेल. वायर प्लगमध्ये जाण्याआधी खाली झोळ घेईल अशी सोडा, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी बोर्डापर्यंत पोचणार नाही.

दिवा दिवसाला ८ ते १० तास, टायमरवर. नवीन दिवा किंवा नवीन ॲनिमोन असेल तर अर्ध्या तीव्रतेपासून सुरू करून दोन-तीन आठवड्यांत वाढवा. प्रवाह मध्यम ठेवा, शुंडके डुलले पाहिजेत, आडवे पडता कामा नयेत.

बबल-टिप चालतो, बरं का! जागा पसंत नसली तर तळवा सरकवत टाकीभर फिरतो. पंपाच्या तोंडाशी पोचला तर आत ओढला जाऊन चिरतो. म्हणून ॲनिमोन आणण्याआधी प्रत्येक पंपाच्या तोंडाला स्पंज किंवा जाळी लावा. तो फिरायला लागला तर उचलून 'योग्य' जागी ठेवू नका. त्याने पाय खडकाच्या फटीत रोवला आणि शुंडके उजेडात पसरले की त्याची जागा ठरली.

खाणं आणि क्लाउनफिश

आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, करंगळीच्या नखाएवढा कोळंबीचा तुकडा पुरतो. मोठा तुकडा दिला तर तो गिळतो खरा, पण बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी अर्धवट पचलेला बाहेर टाकतो, आणि पाणी नासतं. उपाशी राहील या काळजीने रोज भरवणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक.

'फाइंडिंग नेमो'मुळे क्लाउनफिश आणि ॲनिमोन ही जोडी सगळ्यांना पाठ आहे. दोघांना एकत्र ठेवलंच पाहिजे असं नाही. टाकीत दोघंही एकमेकांवाचून नीट जगतात. पण एकत्र असले तर एक गंमत दिसते. माशाच्या मलमूत्रातला अमोनिया ॲनिमोनच्या शैवालाला खत म्हणून मिळतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत बबल-टिपला माशाकडून मिळणाऱ्या अमोनियाचा असा फायदा होतो असं दिसलं. ज्या अमोनियाची आत्तापर्यंत भीती घातली, तोच इथे अन्न झाला. 'अमोनिया वाईट' हे वाक्य त्यामुळे अपुरं आहे. किती, कुठे आणि कोणासाठी, हे तीन शब्द जोडल्याशिवाय ते पुरं होत नाही. तुमच्या प्रबंधातलं प्रत्येक विधान या तीन शब्दांनी तपासायची सवय आत्ताच लावा.

बघायला शिका, हात आवरायला शिका

ॲनिमोन ओरडत नाही. तो फुगतो, मिटतो, सरकतो, रंग बदलतो. यातलं कशाला घाबरायचं?

अधूनमधून फुग्यातली हवा गेल्यासारखा चपटा होणं सहसा साधंच. तो आतलं जुनं पाणी बाहेर टाकतो आणि काही तासांत, क्वचित दिवसाभरात, पुन्हा फुगतो. तपकिरी धागे किंवा गोळे बाहेर टाकणं हेही नेहमीचं.

तोंड सैल, उघडं पडलेलं दिसणं वाईट. शुंडके चिकट न लागणं वाईट. पाय कुठेच न धरता प्रवाहाबरोबर लोळणं वाईट. शरीर विरघळल्यासारखं दिसू लागलं आणि कुजका वास आला, तर लगेच बाहेर काढा. मेलेला ॲनिमोन एका रात्रीत सगळ्या टाकीचा अमोनिया वाढवतो.

दुकानात शुभ्र पांढरा ॲनिमोन दिसला आणि "हा रेअर पीस आहे" असं सांगितलं, तर तो बहुतेक शैवाल गमावलेला, आजारी प्राणी असतो. भडक पिवळा किंवा निळाजांभळा दिसला तर रंगवलेला असण्याची शक्यता धरा. व्यापारात असं चालतं.

काही बिघडलं असं वाटलं की एकदम चार उपाय करायची घाई होते. तेव्हा हा क्रम पाळा. आधी मोजा. मग वहीत लिहा. मग एकच गोष्ट बदला. मग थांबा. पाणी उघड विषारी झालं असेल तर अर्थात आधी पाणी बदला, तिथे प्रयोग करत बसू नका. पण बाकी वेळी एका वेळी एकच बदल.

वहीत रोज पाच रकाने पुरतात: तारीख-वेळ, तापमान, क्षारता, आज काय बदललं, ॲनिमोन कसा दिसतो. शेवटच्या रकान्यात 'बरा दिसतो' असं लिहू नका. 'तोंड बंद, शुंडके पूर्ण पसरलेले, कालच्याच जागी' असं लिहा. आठवड्यातून एक फोटो, त्याच कोनातून, त्याच उजेडात, शेजारी पट्टी धरून. सहा महिन्यांनी हीच वही तुम्ही मुलाखतीला घेऊन जाऊ शकता, आणि ती गुणपत्रिकेपेक्षा जास्त बोलेल.

मग ॲनिमोन कुठला घ्यायचा?

बबल-टिप घ्यायचाच असेल तर टाकीत वाढलेला, विभागून झालेला मागा. हा प्राणी उभा दुभंगून स्वतःच्या प्रती तयार करतो, त्यामुळे असे मिळू शकतात. समुद्रातून काढलेला नको. फिलिपिन्समधल्या सेबू भागात झालेल्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जिथून व्यापारासाठी ॲनिमोन आणि क्लाउनफिश काढले जातात तिथे दोघांचीही संख्या कमी आढळली. ॲनिमोन काढला की माशांचं घरच जातं. ही गोष्ट नवी नाही. १८५० च्या दशकात इंग्लंडमध्ये फिलिप हेन्री गॉस याच्या पुस्तकांमुळे घरोघरी ॲक्वेरियमचं वेड पसरलं, लोकांनी किनाऱ्यावरची खडकांतली डबकी उपसली, आणि पुढे त्याच्याच मुलाने, एडमंड गॉसने, १९०७ च्या 'फादर अँड सन'मध्ये त्या उजाड झालेल्या किनाऱ्याची हळहळ लिहिली. आपल्याकडेही रीफ बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रातून काढलेला 'जिवंत दगड' कोणी देत असेल तर तो घेऊ नका, कोरडा सच्छिद्र दगड घ्या. आणि टाकीतला दगड स्वच्छ करायला कधीही उकळू नका. त्यावरच्या काही झोअँथिड जीवांमध्ये पॅलीटॉक्सिन नावाचं तीव्र विष असतं आणि त्याच्या वाफेने माणसं दवाखान्यात पोचली आहेत.

पण हेतू संशोधनाच्या सरावाचा असेल, तर माझा सल्ला वेगळा आहे. बबल-टिप घेऊच नका. एप्टेशिया घ्या.

छंदी लोक एप्टेशियाला शत्रू मानतात. हा इवलासा तपकिरी ॲनिमोन दगडाबरोबर न सांगता येतो आणि टाकीभर पसरतो. खरवडला तर मागे राहिलेल्या तुकड्यातून पुन्हा उगवतो. नेमक्या याच गुणांमुळे प्रयोगशाळांनी त्याला आपलंसं केलं. तो भराभर वाढतो, थोडक्या पाण्यात राहतो, आणि त्याच्या पेशींत प्रवाळासारखंच शैवाल असतं. ते शैवाल काढून टाकलं तरी, खाणं मिळत राहिलं तर, तो जगतो. म्हणजे शैवाल असलेला आणि नसलेला, एकाच वंशाचे दोन गट शेजारी ठेवून तुलना करता येते. दगडी प्रवाळात हे सहज जमत नाही. त्याचा जीनोम २०१५ साली प्रसिद्ध झाला आणि सीसी७ नावाची एकवंशी जात अनेक लॅबमध्ये वापरतात. एप्टेशिया मागितला तर ओळखीचा एखादा पाळणारा फुकट देईल, वर आभारही मानेल!

टाकी स्थिर झाली की हा छोटा प्रयोग करून बघा. प्रश्न: जास्त वेळा खाणं मिळालं तर एप्टेशिया जास्त पिल्लं सोडतो का? त्याच्या तळव्याचे तुकडे सुटून पिल्लं होतात, ती मोजता येतात.

बारा सारख्या काचेच्या वाट्या घ्या. प्रत्येकीत साधारण एकाच आकाराचा एकेक एप्टेशिया. सहा वाट्यांना आठवड्यातून एकदा नुकती फुटलेली आर्टेमियाची पिल्लं द्या, सहांना तीनदा. सहा आठवडे दर रविवारी पिल्लं मोजा. सोपं वाटतं ना? आता खाचाखोचा पाहा.

तीनदा खाणाऱ्यांचं पाणी तीनदा बदलाल आणि बाकीच्यांचं एकदाच, तर फरक खाण्याचा की पाण्याचा? म्हणून सगळ्यांचं पाणी तीनदाच बदला. एक गट खिडकीजवळ ठेवलात तर फरक खाण्याचा की उजेडाचा? म्हणून वाट्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा. सहाही एप्टेशिया एकाच भांड्यात ठेवलेत तर तुमच्याकडे सहा नमुने आहेत की एक? एकच, कारण पाणी एक आहे. मोजणाऱ्याला कुठली वाटी कुठल्या गटातली हे माहीत असेल तर? म्हणून वाट्यांना फक्त क्रमांक द्या आणि मोजायला बहिणीला बसवा. आणि बाराही एकाच प्राण्याच्या प्रती असतील, तर तुमचा निष्कर्ष सगळ्या एप्टेशियांबद्दल नाही, त्या एका वंशाबद्दल आहे. हे पाच प्रश्न तुम्ही वाट्या मांडून सोडवलेत, तर संशोधनपद्धतीच्या पेपरात ते पाठ करावे लागणार नाहीत.

एक अट मात्र आहे. प्रयोग संपला की एप्टेशिया किंवा त्याचं पाणी नाल्यात, खाडीत, समुद्रात सोडायचं नाही. एका तुकड्यातून वसाहत उभी करणारा हा प्राणी परक्या किनाऱ्यावर पसरायला वेळ लावत नाही. पाण्यात ब्लीच टाकून, दिवसभर ठेवून, मगच टाका.

शेवटी

माझा दुसरा ॲनिमोन मी पहिल्यानंतर दहा महिन्यांनी आणला. त्यातले बरेच महिने मी फक्त पाणी मोजत होते. घरचे विचारायचे, "रिकाम्या टाकीकडे काय बघत बसतेस?" पीएचडीचं पहिलं वर्ष जवळजवळ असंच जातं, हे तेव्हा माहीत नव्हतं. यंत्र तपासा, बेसलाइन घ्या, लिहा, पुन्हा घ्या.

ग्रॅनीला सांभाळणाऱ्यांकडे आपल्यासारखी साधनं नव्हती. पण एक बरणी हातोहात जाऊन ५९ वर्षं टिकते, याचा अर्थ प्रत्येकाने आधीच्याचं काम नेमाने पुढे चालवलं. तुमची वही अशी लिहा की उद्या तुम्ही गावाला गेलात, तर ती वाचून दुसऱ्या कोणालाही तुमचा ॲनिमोन जगवता येईल.

टाकी आणायची ठरवलीत तर ॲनिमोनच्या आधी वही आणि मार्कर आणा. पहिल्या महिन्याचे आकडे मला जरूर पाठवा, ॲनिमोनचा फोटो नसला तरी चालेल.